बंदरावरची उपाशी मांजरं

१

सादोक मेला तेव्हा पूर्ण शुद्धीवर होता. वसीलाला सगळ्यात जास्त हेच सलत होतं.

ट्यूनिशियाच्या केर्केना बेटांवरून स्फॅक्स शहरात जायला बोटीला सव्वा तास लागतो. शनिवारी संध्याकाळी तो सव्वा तास वसीला बोटीवर चढवलेल्या रुग्णवाहिकेच्या फरशीवर गुडघे टेकून बसली होती आणि रबरी फुगा दाबदाबून सादोकच्या छातीत हवा भरत होती. बेटावरच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई; मरणं तिने पुष्कळ पाहिली होती. पण हा माणूस कण्हत नव्हता, ओकत नव्हता, अंगाला ताप नव्हता. त्याचा एकेक अवयव त्याला सोडून चालला होता. आधी पाय, मग हात, मग जीभ. "ऐकू येत असेल तर माझं बोट दाबा," असं ती म्हणाली तेव्हा त्याने दाबलं होतं. अर्ध्या वाटेवर तेही थांबलं. डोळे तेवढे उघडे होते, आणि त्या डोळ्यांना सगळं कळत होतं. शहराचे दिवे दिसू लागले आणि त्याचं हृदय बंद पडलं.

इस्पितळातल्या एका घाईतल्या डॉक्टरने कागदावर लिहिलं, शिळ्या अन्नाची बाधा. बरोबर आलेल्या नर्सला कुणी एक शब्द विचारला नाही.

सादोक ट्यूनिसचा, रेल्वेतून निवृत्त झालेला. ऑक्टोपसचा हंगाम उघडला की दर वर्षी बायकोला, बहिजाला, घेऊन बेटावर यायचा आणि आठवडाभर रोज दुपारी मबरूकाच्या अंगणात जेवायचा. मबरूका विधवा होती. खजुराच्या सावलीत चार टेबलं मांडून ती आल्यागेल्याला बेटाचं जेवण करून घालायची, आणि त्या जेवणासाठी लोक समुद्र ओलांडून यायचे.

रविवारी सकाळी वसीला परत आली तेव्हा त्या अंगणात पालिकेचा निरीक्षक उभा होता. स्वयंपाकघराच्या दाराला त्याने लाखेचं सील ठोकलं होतं. दोरीवर वाळत घातलेले ऑक्टोपस त्याचा माणूस एकेक ओरबाडून पोत्यात कोंबत होता. मबरूका उंबऱ्याशी बसून ते बघत होती.

"ऑक्टोपसने मेला नाही तो," वसीला म्हणाली.

"बाई, डॉक्टरांनी लिहून दिलंय," निरीक्षक म्हणाला.

"तुमच्या डॉक्टरने त्याला मेल्यावर पाहिलं. मी मरताना पाहिलाय."

निरीक्षकाने पोत्याचं तोंड बांधायला सांगितलं. त्याला दुपारची बोट गाठायची होती.

२

वसीलाचा राग बेटावर सगळ्यांना माहीत होता. इंजेक्शनला घाबरून पळणाऱ्या बाप्यांना ती कान धरून परत आणायची. त्या दिवशी तिने तो राग दाबून धरला आणि मबरूकासमोर बसली. दोघी एकाच शाळेत एका बाकावर बसलेल्या.

शनिवारी टेबलाशी चौघे होते. सादोक, बहिजा, आणि सूसहून आलेला गाझी नावाचा तरुण आणि त्याची बायको. मबरूकाने ऑक्टोपस घालून जवाच्या भरड्याचा कुसकुस केला होता, टोमॅटो-लसणाची कच्ची चटणी केली होती, आणि जिरं-लिंबू लावून मासा तळला होता. ऑक्टोपस चौघांनीही चाटूनपुसून खाल्ला. मासा सादोकने दोनदा घेतला, गाझीने एक तुकडा. बहिजा मासा खातच नाही. लहानपणी काटा घशात अडकून मरता मरता वाचली, तेव्हापासून तिने माशाचं नाव टाकलं होतं. गाझीच्या बायकोलाही ऑक्टोपसनेच पोट भरलं होतं.

गाझीलाही रात्रभर हातांच्या बोटांना बधिरपणा होता, हे वसीलाला ठाऊक होतं. तिनेच त्याला दवाखान्यात ठेवून घ्यायला सांगितलं होतं. आता तो उठून बसला होता. दोघी बायकांना मात्र काहीही झालं नव्हतं.

म्हणजे दोष ऑक्टोपसचा नव्हता. मासा. एक तुकडा खाणारा आजारी पडला, दोनदा घेणारा मेला.

"मासा कुणाकडचा?" तिने विचारलं.

"तिजानी कोळ्याच्या शर्फियातला," मबरूका म्हणाली. "नेहमीचा."

तिने हे खाली बघत सांगितलं. पाहुण्यांनाही ती नेहमी हेच आणि याच सुरात सांगायची, पण त्यांच्या डोळ्यात बघून.

"शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात कोण कोण आलं होतं?"

मबरूका जरा अडखळली. मग म्हणाली, "मुन्सिफ आला होता."

मुन्सिफ म्हणजे किनाऱ्यावरच्या हॉटेलाचा मालक. त्याच्या खोल्यांत उतरलेले पाहुणे जेवायला मबरूकाकडे जात, आणि गेल्याच महिन्यात चारचौघांत तो बोलला होता की या बाईच्या घरात एक दिवस कुणीतरी मरेल.

३

मुन्सिफ हॉटेलच्या रिकाम्या जेवणघरात एकटाच बसला होता. वसीलाने आडवळण घेतलं नाही. तू असं बोलला होतास, तू शनिवारी तिच्या चुलीपाशी गेला होतास, कशाला गेला होतास, एवढंच तिने विचारलं.

आधी तो तडकला. मग त्याचा चेहरा पडला. त्याचा आचारी ऐन हंगामात पळून गेला होता. मबरूकाने हॉटेलात येऊन स्वयंपाक करावा म्हणून तो तिचे पाय धरायला गेला होता. ती नाही म्हणाली.

"पंधरा वर्षं तिच्या नावाने खडे फोडलेत मी," तो म्हणाला. "आता कोणत्या तोंडाने सांगू गावाला, की तिलाच बोलवायला गेलो होतो?"

"कशाला हात लावलास?"

"एका पातेल्याचं झाकण उचललं. लिंबू-जिरं लावलेले पांढरे तुकडे होते. मी म्हटलं, बाई, मासे संपले म्हणून कोंबडी घालतेस की काय लोकांना? तर तिने पळी उगारली."

यात खोटं वाटण्याजोगं काही नव्हतं. लाज वाटणारी गोष्ट माणूस उगाच रचून सांगत नाही. पण कोंबडी हा शब्द वसीलाच्या मनात रुतून बसला.

घरी जाताना वाट बंदरावरून होती. तिथली मांजरं तिच्या पायात आली. फासळ्या मोजाव्यात अशी झाली होती ती. हल्ली ती दवाखान्याच्या दारापर्यंत यायची आणि कचऱ्याचा डबा पाडायची. वसीलाने एकीला पायाने बाजूला सारलं आणि चालू पडली.

संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ रिधा घरी आला. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. वसीलानेच त्याला वाढवला, शिकवला, लग्न लावून दिलं. बंदरावरचा बर्फखाना आता त्याचा होता. बोटींचा मासा तो बर्फात घालून शहरात पाठवायचा. लतीफाने, त्याच्या बायकोने, डब्यात मटणाचा रस्सा दिला होता.

"खाऊन घे, ताई," तो म्हणाला. "आणि हे मागे टाक. ऑक्टोपस नीट वाळला नसेल. म्हातारी झालीय मबरूका, हात चालत नाही पूर्वीसारखा."

"माझ्याच वयाची आहे ती," वसीला म्हणाली.

तो हसला आणि तिच्या डोक्यावरचा रुमाल सारखा करून गेला.

४

शर्फिया म्हणजे समुद्रतळात खजुराच्या झावळ्या रोवून उभं केलेलं कुंपण. ओहोटीच्या ओढीने मासे त्या वाटेने जातात आणि टोकाच्या सापळ्यात अडकतात. बेटावर समुद्राचेही शेतासारखे वाटे असतात आणि ते बापाकडून मुलाकडे येतात. तिजानीच्या वाट्याला त्याच्या खापरपणज्याचा समुद्र आला होता.

सोमवारी सकाळी वसीला कमरेएवढ्या पाण्यातून त्याच्या होडीपाशी गेली. सत्तरीचा म्हातारा मोडलेल्या झावळ्या उपटत होता. कुंपणाचा निम्मा भाग आडवा झाला होता. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांच्या बोटी रातोरात यायच्या आणि कुंपणासकट सगळं ओढून न्यायच्या.

"मबरूकाला शनिवारी मासा तुम्ही दिला?"

तिजानी ताठ झाला. "काय म्हणाली ती?"

"तुमच्या शर्फियातला, म्हणाली."

मग म्हाताऱ्याने मबरूकाचा असा उद्धार केला की वसीलानेही तो कधी ऐकला नव्हता. बारा दिवसांत त्याच्या सापळ्यात एक धड मासा आला नव्हता. दोन महिने ती बाई मासा दुसरीकडून घेत होती आणि पाहुण्यांपुढे नाव त्याचं सांगत होती.

"चार पिढ्यांचं नाव आहे ते," तो म्हणाला. "आणि आता माणूस मेला तो माझ्या नावावर मेला. तिला सांग, तिजानी येतोय म्हणून."

तो बोलत असताना वसीला त्याच्या सापळ्याकडे बघत होती. जाळीला भोकं पडली होती. फाटलेली नव्हती ती. नाणं ठेवून कापावं तशी गोल होती, कडा साफ.

"हे कशाने?"

"सशाने. दुसरं कोण?"

ससा म्हणजे गेल्या काही वर्षांत पूर्वेकडून या पाण्यात शिरलेला मासा. पुढे सशासारखे दात, पोट फुगवतो, जाळी कुरतडतो, गळ तोडतो. त्याला खायचा नाही, विकायचा नाही, असा सरकारी कागद गावोगाव लागला होता.

"अडकतो तो?"

"रोज. मारतो आणि वाळूत हातभर खोल पुरतो. मांजरालासुद्धा लागू देत नाही." तिजानीने सापळा उलटा केला. आतून एक मोठं माकूल, ऑक्टोपसचंच बिनहाडाचं भावंड, निघालं. तेवढंच निघालं. त्याने ते तिच्या पिशवीत टाकलं. "घे. आणि लोकांना सांग, तिजानीच्या समुद्रातून आज एवढंच आलं."

वसीला पाण्यातून परत निघाली. तिच्या मनात एक वेगळीच शंका आली होती. सशाने भरलेला सापळा, संतापलेला म्हातारा, आणि तो ज्या बाईवर संतापला तिच्या ताटातलं मरण.

५

बहिजा मुन्सिफच्या हॉटेलात थांबली होती. नवऱ्याचं प्रेत इस्पितळातून मिळायला अजून दोन दिवस होते, आणि ट्यूनिसच्या रिकाम्या घरी एकटीने जाण्यापेक्षा त्याची पिशवी होती तिथे बसणं तिला बरं वाटत होतं. ती रडत नव्हती. पिशवी उघडून त्यातल्या वस्तू ओळीने गादीवर मांडत होती.

"ते रोज लिहायचे," ती म्हणाली. "काय खाल्लं ते. बायका हिशेब लिहितात तसं हे जेवण लिहायचे. मी हसायची."

तिने छोटी वही वसीलाच्या हातात दिली. शनिवारचं पान अर्धं भरलं होतं. अक्षर रेल्वेच्या माणसाचं, सरळ आणि नेटकं.

'ऑक्टोपसचा कुसकुस. मबरूकाचा हात यंदाही तसाच. चटणीत सिरका किंचित जास्त, तक्रार नाही. तळलेला मासा: पांढरा, घट्ट, कोंबडीच्या छातीसारखा. एकही काटा नाही. बहिजाने खायला हवा होता. उद्या तिला आग्रह करायचा.'

खाली एक ओळ सोडून, जरा वाकड्या अक्षरात:

'ओठांना मुंग्या. हरिसा जास्त?'

"मबरूका माशाला मिरचीचा हरिसा लावत नाही," वसीला म्हणाली.

एकही काटा नाही. शर्फियात सापडणारा प्रत्येक मासा काटेरी. बोईट, खेकडे खाणारा सोनेरी डोक्याचा, पट्ट्यापट्ट्यांचा, सगळ्यांत काटे. बिनकाट्याचा, कोंबडीसारख्या मांसाचा, ओठांना आधी मुंग्या आणणारा आणि मग माणसाला शुद्धीत ठेवून एकेक अवयव बंद पाडणारा मासा या समुद्रात एकच होता. त्याचं चित्र पाच वर्षांपूर्वी दवाखान्याच्या भिंतीवर तिनेच चिकटवलं होतं. शिजवून, तळून त्याचं विष जात नाही, हे वाक्य ती स्वतः बायकांना वाचून दाखवायची.

"त्यांना ससा खाऊ घातला," ती म्हणाली.

बहिजाने वर बघितलं. "चुकून?"

वसीलाने वही तिच्या हातात परत दिली. तिला अजून ठाऊक नव्हतं.

६

दुपारभर ती दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली आणि गोष्ट उलटीसुलटी करून पाहू लागली.

तिजानीने सूड म्हणून ससा दिला असता तर? पण बेटावर मासा डोक्यासकट विकतात. डोळा बघितल्याशिवाय इथली बाई मासा घेत नाही, आणि सशाचं तोंड तर शेंबडं पोरही ओळखतं. मबरूकाने तो हातात धरला नसता. शिवाय ती तिजानीशी दोन महिने व्यवहारच करत नव्हती. म्हणजे मासा तिच्याकडे आला तो डोकं, कातडं, शेपूट काहीच नसलेला. सोललेला. तुकडे केलेला.

सोलून तुकडे करून मासा कोण विकतं?

मांजरं कचऱ्याच्या डब्याभोवती जमली होती. एक पिवळी मांजरी रिकामा पुठ्ठा चाटत होती. वसीला तिच्याकडे बघत राहिली. बंदरावरचं मांजर उपाशी. जिथे टोपल्या टोपल्या मासा साफ होतो, तिथलं मांजर इतकं उपाशी की पुठ्ठा चाटतं. आतडी, कातडी, कल्ले हे सगळं जातं कुठे? फेकलं असतं तर मांजरांनी खाल्लं असतं. आणि ससा खाल्ला असता तर मांजरं मेली असती, साऱ्या गावाला दिसली असती. कुणीतरी ती घाण मांजरांपासून जपून लपवत होतं. उपाशी मांजरं जिवंत होती, कारण त्या माणसाला नेमकं ठाऊक होतं की आपण काय कापतोय.

मग तिला मटणाचा रस्सा आठवला. मासेवाल्याच्या घरून मटण.

ती उठली आणि लतीफाकडे गेली. इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या आणि सहज विचारलं, तुझं माशांच्या डोक्यांचं सार खाल्ल्याला किती दिवस झाले गं. लतीफाने तोंड वाकडं केलं. दोन महिने झाले, रिधा डोकीच आणत नाही, म्हणाली. शहरात पाठवतो म्हणे डोकी. शहरातल्यांना कधीपासून डोक्यांची चव कळायला लागली?

तिथून ती मबरूकाकडे गेली आणि दारात उभ्यानेच म्हणाली, "पिशवीत आला होता ना? सोललेला?"

मबरूकाने मान हलवली.

"मला का नाही सांगितलंस?"

"कशी सांगू? तू त्याला भरवून वाढवलास. मला म्हणाला, खोल पाण्यातला बिनकाट्याचा मासा आहे, सोलूनच विकतात, महाग असतो, तुला म्हणून देतो. मला माहीत नव्हतं गं. माणूस मेल्यावर आला आणि म्हणाला, तिजानीचं नाव सांग, नाहीतर ताई मरेल हे ऐकून."

"आणि तू सांगितलंस. एका म्हाताऱ्याच्या गळ्यात मरण बांधलंस. मला वाचवायला."

मबरूका रडू लागली. वसीलाने तिला जवळ घेतलं नाही.

ती बर्फखान्यात गेली तेव्हा तो धुऊनपुसून लख्ख होता. एकही तुकडा शिल्लक नव्हता. रिधा कबूल करणार नव्हता, आणि मबरूकाचा शब्द आता कोण धरणार होतं? ठाण्याचा प्रमुख शाकिर भला पोरगा होता, पण उपाशी मांजरं पुरावा म्हणून लिहून घेईल इतका नव्हता.

घरी आल्यावर तिने पिशवीतलं माकूल काढलं आणि सोलायला बसली.

७

मंगळवारी दुपारी रिधाच्या घरी पाच जण जेवायला बसले. मुलं शाळेत होती. वसीलाने लतीफाला कुसकुस करायला सांगितलं होतं आणि पाहुणे आपण बोलावले होते. एक शाकिर. दुसरी बहिजा. परक्या गावात एकटी आहे, तिला घरचे चार घास मिळू देत, असं ती रिधाला म्हणाली. त्याने मान डोलावली. त्याला ते आवडलेलं दिसलं नाही.

कुसकुस मध्ये ठेवला. मग वसीला आत गेली आणि तळलेल्या पांढऱ्या तुकड्यांचं ताट घेऊन आली. लिंबू, जिरं.

"तुझ्या बर्फखान्यात कोपऱ्यात एक पिशवी राहिली होती," ती भावाला म्हणाली. "म्हटलं वाया का घालवा."

रिधाचा हात भाकरीवर थांबला.

वसीलाने ताट आधी बहिजापुढे धरलं. काय आहे ते बहिजाला सकाळीच सांगितलं होतं. तरी माशासारखे तळलेले ते तुकडे तिने आधी निरखून घेतले. तिने एक तुकडा उचलला. वसीला भावाकडे बघत होती. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने शाकिरकडे पाहिलं, पाण्याचा पेला उचलला, आणि भिंतीकडे बघत पाणी प्यायला लागला.

बहिजाने घास चावला आणि गिळला. रिधा काही बोलला नाही.

वसीलाला वाटलं होतं की तो ओरडेल. तो ओरडावा म्हणून ती मनातल्या मनात अल्लाची करुणा भाकत होती. ते झालं नाही. मग तिने स्वतः एक तुकडा घेतला आणि तोंडाकडे नेला.

रिधाने पेला टाकला आणि तिच्या हातावर इतक्या जोराने फटका मारला की तुकडा भिंतीवर जाऊन आपटला.

लतीफा पदर तोंडाशी धरून उभी होती.

"माकूल आहे ते," वसीला म्हणाली. "तिजानीकाकांनी दिलेलं."

रिधा खाली बसला. शाकिरने हळूच ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "कशाला मारलंस तिच्या हातावर?"

तो बोलू लागला. तळ खरवडणाऱ्या बोटींच्या जाळ्यात ससे टनावारी येत होते आणि फुकट जात होते. तो त्या बोटीवाल्यांना मिळाला. आतडी नीट काढली की बहुतेक काही होत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. दोन महिन्यांत शेकडो ताटं गेली, एकालाही काही झालं नाही. डोकी आणि आतडी तो दगड बांधून खोल पाण्यात सोडायचा.

"बहुतेक काही होत नाही, ताई," तो म्हणाला. "खरंच होत नाही."

"मग माझ्या हातावर का मारलंस?"

रिधाने तो हात मांडीखाली दाबला.

"तिच्यासाठी ते 'बहुतेक' पुरलं तुला," वसीलाने बहिजाकडे बोट केलं. "तिच्या नवऱ्यासाठी पुरलं. माझ्यासाठी पुरलं नाही. एवढं ठाऊक होतं तुला. इतकं नेमकं ठाऊक होतं."

बहिजा उठली आणि ओसरीत जाऊन तोंड धुवायला लागली. पुन्हा पुन्हा धूत राहिली.

शाकिरने विचारलं की उरलेला माल कुठे आहे. रिधा खाली बघत म्हणाला, की रविवारच्या बोटीने शहरात गेला. साठ किलो.

वसीलाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "रविवारच्या? तो मेल्यावर?"

"फेकायचा जिवावर आला."

तिने आयुष्यात कधी त्याच्यावर हात उचलला नव्हता. आताही उचलला नाही. दवाखान्याचं पेन काढून त्याच्यापुढे धरलं आणि म्हणाली, "नावं सांग. एकूणएक."

सात खानावळींची नावं निघाली. तिने ती तळहातावर लिहून घेतली.

८

शाकिरने शहरातल्या कचेरीत फोन केला. पलीकडच्या माणसाने सगळं उतरवून घेतलं आणि उद्या सकाळी माणूस पाठवतो म्हणून सांगितलं. शाकिरने फोन ठेवला आणि तिच्याकडे बघणं टाळलं.

"उद्या सकाळी," वसीला म्हणाली. "आणि आज रात्री लोक काय जेवतील?"

फोनवरच्या शब्दावर कुणी विकतचा माल फेकणार नव्हतं, म्हणून चारच्या बोटीवर ती स्वतः चढली. त्याच बोटीवर शाकिरने रिधाला चढवलं. हातात बेड्या होत्या, आणि लतीफाने त्यांच्यावर शाल टाकली होती. बहिजा त्यांना सोडायला धक्क्यावर आली होती, आणि तिजानीही तिथे उभा होता. त्याने टोपी काढून बहिजाला सलाम केला. मबरूका आली नव्हती. तिच्या दारावरचं सील अजून तसंच होतं.

सव्वा तास भाऊ-बहीण समोरासमोर बसले. एकदा तो म्हणाला, "ताई, मुलांकडे बघशील ना?" ती म्हणाली, "बघेन." मग पुन्हा म्हणाला, "माझ्याशी बोल काहीतरी." ती समुद्राकडे बघत राहिली. पाण्यात लांबवर एक जाळ्याची बोट संथपणे चालली होती, भर दिवसा, आणि तिच्या मागे पाणी चिखलासारखं गढूळ होत होतं. तो राग ती कुणावर काढणार होती? निम्मा तर स्वतःवरच होता. दोन महिने तिने त्या घरचं मटण खाल्लं होतं आणि मासा का नाही, हे एकदाही विचारलं नव्हतं.

बोट धक्क्याला लागली. शाकिर रिधाला घेऊन गाडीकडे गेला. रिधाने मागे वळून पाहिलं तेव्हा वसीला गर्दीतून वाट काढत रस्त्याला लागली होती. घामाने तळहातावरची शाई पसरत होती, म्हणून ती नावं पाठ करत चालली होती.

पहिली खानावळ बाजाराच्या तोंडाशीच होती. पुढच्या बाजूला टेबलांवर चादरी घालणं चाललं होतं. एक कुटुंब लवकर आलं होतं, दोन लहान पोरी खुर्च्यांवर गुडघ्यांवर उभ्या राहून पाव कुरतडत होत्या. वसीला त्यांच्याजवळून सरळ आत गेली, पडदा बाजूला सारला. कढईत तेल तापलं होतं आणि आचाऱ्याच्या हाताशी पांढऱ्या तुकड्यांचं ताट भरलेलं होतं.

तिने कुणाला नाव सांगितलं नाही, कुणाची परवानगी घेतली नाही. हात लांब करून शेगडी बंद केली.

"हा मासा माझ्या भावाने पाठवलाय," ती म्हणाली. "विष आहे. सगळा इथे, माझ्यासमोर काढा. मला अजून सहा ठिकाणी जायचंय."